पप्पा, माझ्या कॉलेजात नको हं

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४३. रबाळे एमआयडीसीतल्या कंपनीत स्टोअरला २४ वर्षं नोकरी. २००० साली बारावी कॉमर्स केली, एफ.वाय. पास झाले आणि वडिलांची कंपनी बंद पडली, तिथेच कॉलेज सुटलं. आता स्टोअर इन्चार्जची जागा रिकामी होणार आहे आणि तिला पदवी मागतात. मुलगा यंदा एफ.वाय.बी.कॉम.ला गेलाय. ते लिहितात, "घरी विषय काढला तर मुलगा म्हणाला, पप्पा, माझ्या कॉलेजात नको हं. मी हसून सोडून दिलं, पण रात्री झोप लागली नाही. शिफ्ट फिरती आहे, पुस्तक उघडलं की दहा मिनिटांत डोळे मिटतात. बारावीची गुणपत्रिका २६ जुलैच्या पुरात कळव्याच्या खोलीत भिजली. ताई, या वयात झेपेल का?"

भाऊ, आधी मुलाचं बोलते, कारण झोप त्यानेच उडवली आहे.

अठरा वर्षांच्या मुलाला कॉलेज ही त्याची पहिली स्वतःची जागा असते. तिथे बाप नको वाटणं आणि बापाची लाज वाटणं यात फार अंतर आहे. तसंही तुम्हाला रेग्युलर कॉलेज जमणार नाही. तिथे ७५ टक्के हजेरी लागते, ती फिरत्या शिफ्टमध्ये भरणार कशी? तेव्हा त्याला एवढंच सांगा की मी बाहेरून करणार आहे, तुझ्या कॉलेजात येत नाही. पण चोरून अभ्यास करू नका. आणि एक वाक्य तोंडातून कधीही निघू देऊ नका : "बघ, मी या वयात अभ्यास करतोय, आणि तू?" तुमचं शिक्षण त्याच्या पाठीवरची छडी झालं, की त्या घरात दोघांचाही अभ्यास बुडतो. त्यापेक्षा ऑनलाइन फॉर्म त्याला भरायला सांगा. अकाउंटचा एखादा प्रश्न अडला तर त्यालाच विचारा. तुमच्याकडेही त्याला देण्यासारखं आहे. त्याला पुस्तकात 'फिफो' शिकवतील, म्हणजे आधी आलेला माल आधी काढायचा. तुम्ही बिन कार्ड (मालाच्या आवक-जावकीची नोंद) आणि जीआरएन (माल मिळाल्याची पावती) सांभाळत तेच तर इतकी वर्षं करताय. एका रविवारी त्याला ते कागदावर काढून दाखवा.

आता जागेबद्दल स्पष्ट सांगते. पदवीला किमान तीन वर्षं लागतात आणि जागा रिकामी होतेय ती आत्ता. ही जागा बहुधा हातची जाईल. अभ्यास करायचा तो पुढच्या जागेसाठी, हे मनाशी पक्कं करूनच फॉर्म भरा, नाहीतर सहा महिन्यांत मन उडेल. तरी एचआरला दोन गोष्टी लेखी विचारून ठेवा : दूरशिक्षणाची पदवी चालेल का, आणि परीक्षेच्या दिवसांत रजा किंवा शिफ्ट बदलून मिळेल का. मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणातली पदवी रेग्युलर पदवीच्या बरोबरीची आहे, असं यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ साली स्पष्ट केलंय. तो कागद सोबत जोडा.

विद्यापीठांत माझा कौल नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला. १९८९ पासून ते याच कामासाठी आहे आणि मराठीतून शिकता येतं. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण आहे, इग्नूही आहे, पण इंग्रजीची भीती असेल तर नाशिकचंच बरं. प्रवेशाआधी यूजीसीच्या यादीत त्या विद्यापीठाचा तो कोर्स आहे का, ते मुलाला बघायला सांगा. एबीसी (क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा) आणि डीईबी (यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा) असे दोन आयडीही काढावे लागतील. "एका वर्षात पदवी" अशा जाहिराती करणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. आणि जुन्या एफ.वाय.चं वर्ष वाचवायच्या मागे लागू नका. अभ्यासक्रम पार बदललेत, आणि एक वर्ष वाचवायला सहा महिने खिडक्यांवर घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. पहिल्यापासून सुरू करा.

अभ्यासाच्या वेळेचा खरा पेच तुमच्याकडे आहे. "लोकलमध्ये वाचा" असं सगळे सांगतात, पण घणसोली ते रबाळे एकच स्टेशन, पान उलटेपर्यंत उतरायचं. "रोज पहाटे पाचला उठा" म्हणावं तर शिफ्ट दर आठवड्याला बदलते. म्हणून घड्याळाशी बांधू नका, शिफ्टशी बांधा. फर्स्ट किंवा जनरल शिफ्ट असेल तर सुटल्यावर कंपनीच्या कँटीनमध्येच पाऊण तास, घरी जायच्या आधी. घरी गेलात, जेवलात, की डोळे मिटणारच, त्यात तुमचा दोष नाही. सेकंडला कामावर जायच्या आधी. नाइटच्या आठवड्यात काही करू नका, झोपा. साप्ताहिक सुट्टीला घराजवळची अभ्यासिका गाठा. हे घरात सगळ्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे उशीर झाला की फोन येणार नाही.

आणि लिहायचा सराव. हे कुणी सांगत नाही. मी चाळिशीत एम.ए. केलं तेव्हा वाचून सगळं तयार होतं. पहिल्या पेपरला दीड तासाने अंगठा आणि मनगट असं आखडलं की पेन बोटांत धरवेना. वीस वर्षांत सहीपलीकडे हाताने काही लिहिलंच नव्हतं. येत असलेले दोन प्रश्न सुटले. तुम्हीही बहुतेक इश्यू स्लिपपुरतंच लिहीत असाल. आजपासून रोज एक पान, महिन्याने दोन, परीक्षेआधी घड्याळ लावून सलग तीन तास. वहीत काय लिहिता याला महत्त्व नाही, वर्तमानपत्र उतरवा. पेनही बदला. जाड पकडीचं घ्या आणि परीक्षेला तेच न्या.

राहिली गुणपत्रिका. मुंबई विभागीय मंडळ वाशीलाच आहे, म्हणजे घरापासून लांब नाही. दुय्यम गुणपत्रिकेसाठी परीक्षेचा महिना, वर्ष आणि बैठक क्रमांक लागेल. क्रमांक आठवत नसेल तर आधी जुन्या ज्युनियर कॉलेजात जा. जनरल रजिस्टरमध्ये तुमचं नाव असेल, तिथून माग काढता येतो. कळव्याची ती भिजलेली गुणपत्रिका घरात असली तर उलगडायला जाऊ नका, फाटेल. तशीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या. क्रमांकाचे चार आकडे जरी वाचता आले, तरी काम निम्मं होईल.