१९६६ च्या फोर्ड मस्टँग कूपमध्ये बेस, जीटी आणि पोनी इंटीरियर यांत फरक काय? जीटीसाठी जास्त पैसे मोजावेत का?

तुम्ही प्रश्नात टाकलेला चेसिस नंबर '६एफ०७टी'ने सुरू होतो. तो खरा असेल, तर ती गाडी जीटी नाही. फोन ठेवून द्या. यापुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, कारण त्यातलं निम्मं माझ्या साडूबद्दल आहे.

विकणारा तुम्हाला सांगतोय की गाडी 'अस्सल जीटी' आहे, आत घोडेवाल्या सीट आहेत, पाच डायलचा डॅशबोर्ड आहे, पुढे फॉग लॅम्प आहेत, फक्त इंजिन 'मागे कधीतरी बदललंय'. आणि मागतोय २९ हजार डॉलर. आता नंबर वाचू. ६ म्हणजे १९६६. एफ म्हणजे डिअरबॉर्नचा कारखाना. ०७ म्हणजे हार्डटॉप, ज्याला आपण कूप म्हणतो. (०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक.) पाचवं अक्षर इंजिनाचं. टी म्हणजे २०० घनइंची, सहा सिलिंडरचं, १२० हॉर्सपॉवरचं. सी म्हणजे २८९ व्ही-८, टू-बॅरल कार्बोरेटर, २००. ए म्हणजे तेच २८९, पण फोर-बॅरल, २२५. के म्हणजे हाय-पो (हाय परफॉर्मन्स), २७१. फोर्डने १९६५ आणि ६६ साली जीटीचं पॅकेज फक्त ए आणि के या दोन इंजिनांवर दिलं. सहा सिलिंडरची जीटी डिअरबॉर्नने बनवली नाही, सॅन होजेच्या कारखान्याने नाही आणि आमच्या न्यू जर्सीतल्या मेटचेननेही नाही. ती बनते कुणाच्या तरी गॅरेजमध्ये, शनिवारी दुपारी.

हे मला आज पाठ आहे. २००६ साली नव्हतं.

मी १९९८ मध्ये वाय-टू-केच्या (२००० सालच्या तारखांच्या घोळाच्या) लाटेत कोबोल या जुन्या संगणक भाषेचं गाठोडं घेऊन न्यू जर्सीत उतरलो. एडिसनला एका बेडरूममध्ये आम्ही चौघं. आठ वर्षांनी, ग्रीन कार्ड हातात आल्यावर, मी स्वतःसाठी म्हणून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे १९६६ ची मस्टँग. लाल. दोन्ही मडगार्डांवर जीटीचे बिल्ले, खाली दाराच्या कडेने पट्टे, ग्रिलमध्ये दोन फॉग लॅम्प, मागच्या पत्र्यातून बाहेर आलेली सायलेन्सरची दोन तोंडं. १७ हजार डॉलर. विकणाऱ्याने किल्ली देताना डोळ्यांत पाणी आणलं होतं. आता कळतं ते कशाचं असणार. बायको एवढंच म्हणाली, "लाल आहे ना? मग झालं."

त्याच वर्षी लेबर डेच्या सुट्टीला साडूंच्या अंगणात पंचवीसेक माणसं जमली होती. मी मुद्दाम गाडी घेऊनच गेलो. आमचे साडू म्हणजे पगाराच्या स्लिपवरही खोडरबर शोधणारा माणूस. त्यांनी वडापावची बशी बाजूला ठेवली, बॉनेट उघडायला लावलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि किल्लीच्या जुडग्याला लावलेला चिमुकला टॉर्च ड्रायव्हरच्या बाजूच्या मडगार्डाच्या आतल्या पत्र्यावर धरला. नंबर तिथे ठोकलेला असतो, मडगार्डाच्या खाचेतून दिसतो. त्यावर काळा थर होता. तो त्यांनी पेपर नॅपकिनने पुसला आणि मोठ्याने वाचायला लागले. "सहा. टी. शून्य. सात. सी." मग थांबले. "सी?"

मी म्हटलं, सी तर सी.

"अहो, सी असेल तर जीटी कशी असेल?" असं म्हणत त्यांनी बिल्ल्याच्या कडेखाली अंगठ्याचं नख घातलं. बिल्ला नुसता उचलला गेला. मागे दुहेरी चिकटपट्टी, तीही पिवळी पडलेली. खऱ्या बिल्ल्याला मागे खुंट्या असतात, त्या पत्र्यातल्या भोकात बसतात. इथे पत्रा सपाट. भाचा ओरडला, "स्टिकर आहे!" आणि साडूंनी हिरवी चटणी बोटाने चाटत, शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

पंचवीस माणसं हसली. बायकोही. ते हसू मला अजून ऐकू येतं, म्हणून हे उत्तर एवढं लांबतंय.

घरी येऊन मी गाडीखाली झोपलो. खऱ्या जीटीला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतात, केल्सी-हेजचे, चार पिस्टनचे. माझ्या चारही चाकांना ड्रम. कारखान्याच्या डबल सायलेन्सरला त्याचे हँगर धरायला मागच्या रेलपाशी मजबुतीच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. माझे सायलेन्सर हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या भोकांच्या पट्टीवर लोंबत होते. फॉग लॅम्पचा स्विच कारखान्याचा नव्हताच, डॅशबोर्डखाली भोक पाडून कुठलातरी टॉगल बसवलेला. डिकीतली चटई उचलली तर कोपऱ्यात लालाखालून मोरपंखी रंग डोकावत होता. दारावरच्या माहितीच्या पट्टीवर रंगाचं अक्षर यू, म्हणजे टाहो टर्क्वॉइझ. गाडी जन्मतः लालही नव्हती.

आता तुमच्या प्रश्नातल्या 'फरक काय' या भागाकडे. बेस गाडी म्हणजे सहा सिलिंडर, तीन गिअर, चार ड्रम. तिला बेस म्हणून हिणवू नका. १९६६ ला सहा लाखांवर मस्टँग विकल्या गेल्या, त्यात पाचेक लाख हार्डटॉप होत्या. जीटी हे वेगळं मॉडेल नव्हतंच. ते दीडशे डॉलरच्या वर थोड्या किमतीचं पॅकेज होतं, एप्रिल १९६५ मध्ये, मस्टँगच्या पहिल्या वाढदिवसाला आलेलं: डिस्क ब्रेक, कडक सस्पेन्शन, डबल सायलेन्सर, फॉग लॅम्प, पट्टे, बिल्ले. पोनी इंटीरियरचा जीटीशी काडीचा संबंध नाही. ती आतल्या सजावटीची वेगळी ऑर्डर, सीटच्या पाठीवर धावते घोडे उमटवलेले. सहा सिलिंडरच्या गाडीतही ती मिळायची. दारावरच्या पट्टीवर ६५ए असेल तर साधं इंटीरियर, ६५बी असेल तर पोनी. पण सीट कव्हरं आज नवी कोरी मिळतात, आणि ती पट्टीसुद्धा नवी ठोकून मिळते, तेव्हा पट्टीपेक्षा बॉनेटखालच्या नंबरावर विश्वास ठेवा. पाच डायलचं म्हणाल तर १९६५ मध्ये तो मान जीटीचा आणि पोनी इंटीरियरचा होता. ६६ ला सगळ्याच मस्टँगना पाच डायल आले. ६६ च्या गाडीत पाच डायल दाखवून जीटी सिद्ध करणारा माणूस एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला अडाणी समजतोय.

तर साडू. २०११ मध्ये त्यांनीही मस्टँग घेतली. १९६७ ची, जीटीए. तो 'ए' फक्त त्याच वर्षी होता, ऑटोमॅटिक गिअर असलेल्या जीटीला लावायचे. सोबत मार्टी रिपोर्ट. म्हणजे फोर्डच्या मूळ नोंदींवरून काढलेला दाखला, गाडी कोणत्या कारखान्यात, कोणत्या ऑप्शनसह बनली ते सांगणारा. तो १९६७ पासूनच्याच गाड्यांचा मिळतो, ६६ चा मिळत नाही, हेही त्यांनी मला दोनदा सांगितलं. दाखला फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय, सत्यनारायणाच्या फोटोशेजारी.

चहा होईपर्यंत मी तो दाखला सावकाश वाचला. पाचवं अक्षर: सी.

१९६७ ला फोर्डने नियम सैल केला. कुठलाही व्ही-८ घ्या आणि जीटीचं पॅकेज लावा. म्हणजे साडूंच्या अस्सल, दाखलाधारी जीटीएमध्ये तेच २८९ टू-बॅरल, तेच २०० हॉर्सपॉवर, जे माझ्या सोनूबाईत आहे. वर ६७ ची गाडी अंगाने मोठी आणि वजनाने जास्त. १९६६ च्या नियमाने त्यांची गाडी जीटी ठरलीच नसती. हे मी तिथेच बोललो. ते म्हणाले, "नियम ज्या वर्षीचा, त्या वर्षीचा." बरोबर आहे. पण मग कथलाचा वाळा कुणाचा, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि एक गोष्ट त्यांच्या दाखल्यात नाही. माझ्या नंबरातलं दुसरं अक्षर टी. (पाचव्या जागी टी म्हणजे सहा सिलिंडर, दुसऱ्या जागी टी म्हणजे मेटचेन. गल्लत करू नका.) नाव मेटचेन, पण तो कारखाना होता एडिसनमध्ये, रूट वनवर. मी आलो तेव्हा चालू होता, रेंजर पिकअप बनवायचा. २००४ ला बंद झाला. ऑफिसला जाताना वर्षानुवर्षं मी त्याच्यासमोरून गेलो आणि आत एकेकाळी काय बनत होतं याचा मला पत्ता नव्हता. ओक ट्री रोडवर आपण जिथे पाणीपुरी खातो तिथून थोड्या मैलांवर ही गाडी जन्मली. पेनसिल्व्हेनियाला गेली, नवा रंग आणि खोटे बिल्ले लावून घेतले आणि परत गावी आली.

एकदा पेट्रोल पंपावर (आमच्या राज्यात पेट्रोल स्वतः भरता येत नाही, पंपवालाच भरतो) शेजारच्या गाडीतला एक म्हातारा उतरून आला. बॉनेट उघडा म्हणाला. नंबर वाचला आणि टी वर बोट ठेवलं. मी घाईघाईने कबुली दिली, की ही जीटी नाही बरं का. तो म्हणाला, "ते मी कुठे विचारलं? मी तिथे कामाला होतो." मस्टँगवर? "नाही रे, पिंटोवर. पण हे कुणाला सांगू नकोस." (पिंटो म्हणजे फोर्डचीच, पुढे बदनाम झालेली छोटी गाडी.)

बिल्ले मी काढले. सुपारीच्या डब्यात आहेत. पट्टे ठेवले, ते काढायचे तर सगळा रंग पुन्हा करावा लागतो.

आता पैशांचं. तुमच्या गाडीचा विकणारा व्ही-८ घातलाय म्हणतोय, तर चाकाचे नट मोजा. सहा सिलिंडरच्या गाडीला चार नट, व्ही-८ ला पाच. पाच असतील तर निदान कुणीतरी हबही बदललेत. चारच असतील तर नाजूक बुडख्यावर मोठं इंजिन बसलंय, तिकडे वळूनही पाहू नका. माझ्या मते अस्सल सी कोडची साधी कूप ही घेण्यासारखी सगळ्यात शहाणी मस्टँग आहे. आवाज व्ही-८ चा, भाव कूपचा, आणि पावसात बाहेर काढायला जीव कासावीस होत नाही. साडूंची जीटीए वर्षातून चारदा बाहेर येते, तीही ऊन बघून.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. पाचवं अक्षर ए निघालं म्हणजे जीटी सिद्ध झाली असं नाही. ए कोडच्या कितीतरी गाड्या जीटी पॅकेजशिवाय गेल्या, आणि त्या दोन वर्षांत जीटीची नोंद ना नंबरात आहे ना दारावरच्या पट्टीवर. ते गाडीखाली झोपूनच शोधावं लागतं. के कोडचा दावा असेल तर जाणकाराला सोबत नेल्याशिवाय एक डॉलर देऊ नका. अक्षर सांगतं ते जन्माचं इंजिन, आज बसवलेलं नव्हे.

व्हेरियंटपेक्षा महत्त्वाचं: विंडशील्डच्या खालच्या जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि आत पायाखालचा गालिचा चाचपा. ओला लागला तर आतला पत्रा सडलाय, आणि ते काम करायला डॅशबोर्डापासून सगळं उचकटावं लागतं. डिकीची चटई उचला. तिथे दिसणारा पत्रा म्हणजे पेट्रोलच्या टाकीचाच माथा आहे, तिथे गंज असेल तर हसण्यावारी नेऊ नका. पत्र्यात लांबी (पुटी) भरलीय का ते लोहचुंबकाने पाहा. आणि १९६६ पर्यंत ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा होता, कुठेही गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जातात. गाडी कुठलीही घ्या, पहिल्या आठवड्यात दोन कप्प्यांचा बसवून घ्या. मी चार वर्षं टाळलं, आणि एकदा रूट २७ च्या सिग्नलला हँडब्रेकवर थांबलो.

तुमच्या विकणाऱ्याला बॉनेट उघडून मडगार्डाच्या खाचेतल्या नंबराचा फोटो मागा, दारावरच्या पट्टीचा नको. पाठवलाच, तर सहा सिलिंडरची गाडी म्हणून भाव करा.