भुयारातून सुखरूप परतण्याचा खेळ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : महोदय, मी मूळचा खानापूरचा असून बेळगावात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. टिळकवाडीत एकाच खोलीवर राहणारे आम्ही तिघे मित्र ‘डार्क अँड डार्कर’ हा संगणकावरचा खेळ सुरू करण्याच्या विचारात आहोत. आमच्या वर्गातले काही जण त्याची तोंडभरून स्तुती करतात, तर काहींनी तो आठवडाभरात सोडून दिला. या खेळात चांगले काय आणि वाईट काय, हे कृपया सविस्तर सांगावे.
— एक विद्यार्थी, टिळकवाडी

उत्तर : तुमचे दोन्ही प्रकारचे मित्र खरे बोलत आहेत. ज्या एका नियमामुळे पहिल्यांना हा खेळ आवडला, त्याच नियमामुळे दुसऱ्यांनी तो सोडला. दक्षिण कोरियातील आयर्नमेस या कंपनीच्या या खेळात तुमची तुकडी अंधाऱ्या भुयारात उतरते. तिथे सांगाडे, ममी आणि गॉब्लिन तर असतातच, शिवाय तुमच्यासारख्याच इतर खेळाडूंच्या तुकड्याही त्याच वेळी, त्याच खजिन्याच्या शोधात फिरत असतात. परतीचे निळे द्वार गाठले, तर पिशवीत भरलेले सर्व काही तुमचे होते. वाटेत मेलात, तर अंगावरच्या कवचापासून औषधाच्या शेवटच्या बाटलीपर्यंत सारे गमावून बसता आणि ज्याने मारले तो ते उचलून नेतो. लाल द्वार मात्र बाहेर न नेता आणखी खाली, अधिक भयंकर मजल्यावर घेऊन जाते. बंदुकांच्या खेळांत हा प्रकार २०१७ पासून ‘एस्केप फ्रॉम टारकोव्ह’ने लोकप्रिय केला. इथे बंदुकीच्या जागी तलवार, धनुष्य आणि मंत्र आले आहेत.

या खेळाचे सर्वांत मोठे बळ म्हणजे त्यातली भीती खरी वाटते, कारण तिथले नुकसान खरे असते. इतर बहुतेक खेळांत मेल्यावर आपण थोडे मागे जाऊन पुन्हा तेच करतो, त्यामुळे राक्षस कितीही विक्राळ काढला तरी छातीत धडधड होत नाही. इथे साधे लाकडी दार उघडण्यापूर्वीही हात थबकतो. हातात मशाल धरली तर समोरचे दिसते, पण तुम्हीही दुरून दिसता. ती विझवली तर तुम्ही लपता, पण कोपऱ्यात उभा असलेला सांगाडाही तुम्हाला दिसत नाही. दारापलीकडे पावले वाजतात. धातूचे कवच घातलेल्याची चाल वेगळी ऐकू येते आणि चोरपावलांनी येणाऱ्या ‘रोग’ (Rogue) या चोरट्या पात्राची चाल जवळजवळ ऐकूच येत नाही. पलीकडचाही याच वेळी तुमच्या पावलांकडे कान लावून उभा आहे, हे तुम्हाला ठाऊक असते. अशा दारापाशी तिघांनी कुजबुजत घेतलेला निर्णय, मग तो चुकीचा का ठरेना, दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कँटीनमध्येही चघळला जातो.

दुसरे बळ शस्त्रांच्या हाताळणीत आहे. बटण दाबले की घाव लागला, इतके ते सोपे नाही. तलवार खरोखर हवेतून फिरते, अरुंद बोळात भिंतीला अडते, आणि घाव डोक्यावर बसला की पायावर, यावर इजा ठरते. त्यामुळे लांब शस्त्र घेऊन चिंचोळ्या जिन्यावर लढायचे की मोकळ्या दालनात मागे हटायचे, याचा विचार करावाच लागतो. जादूगाराचे मंत्र मोजकेच असतात आणि ते संपले की खाली बसून ते परत मिळवावे लागतात. तेवढ्या वेळात त्याचे रक्षण इतर दोघांना करावे लागते. त्याने अग्निगोळा घाईने फेकला, तर आपलाच साथीदार भाजून निघतो, कारण आपल्या माणसाला इजा होत नाही अशी सवलत इथे नाही. साथीदार पडला तरी आशा उरते : त्याचा प्राण जपून वेदीपर्यंत नेला, तर त्याला परत उठवता येते. भूमिकांची ही वाटणी १९७४ सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळापासून चालत आलेली आहे. पण ती इतकी अंगावर येणारी मी इतर फारशा खेळांत पाहिलेली नाही. तुम्ही तिघे एकाच खोलीत बसून खेळणार असाल, तर या खेळाचे उत्तम ते तुमच्या वाट्याला येईल, असे मी निःशंकपणे म्हणेन.

एक व्यावहारिक गोष्ट मात्र आधी करा. वीज गेली किंवा इंटरनेट तुटले, तरी भुयारातला खेळ तुमच्यासाठी थांबत नाही. आपल्याकडे, विशेषतः खानापूर भागात, पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे तुम्हाला सांगायला नको. संगणकाबरोबर राऊटरलाही यूपीएस जोडलेला असू द्या. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ, किती येतो, हेही तीन-चार संध्याकाळी पाहून घ्या. घाव चुकवणे क्षणाच्या हिशोबावर चालते, त्यामुळे पिंग जास्त असेल तर कौशल्य असूनही हार पदरी पडते.

प्रश्न : मी निपाणीत दुकानात काम करतो आणि रात्री एकटाच खेळतो. हा खेळ मला मनापासून आवडतो, पण भारी कवच घातलेला जुना खेळाडू एका घावात मला लोळवतो आणि माझे सर्व घेऊन जातो. यात माझे काही चुकते का? एकट्याने खेळणाऱ्याने हा खेळ खेळावा का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : चूक तुमची नाही. या खेळातील सर्वांत मोठी उणीव तुम्ही नेमकी पकडली आहे आणि म्हणूनच मी तिच्यावर जरा विस्ताराने लिहितो. सर्वस्व गमावण्याचा नियम हा दोष नाही, कारण तो काढला तर खेळाचा प्राणच जाईल. बरोबरीच्या माणसाशी झुंजून हरलेला खेळाडू हळहळतो, पण पुन्हा उतरतो. तो खेळ सोडतो ते लढत सुरू होण्यापूर्वीच ठरून गेलेली असते तेव्हा. इथे वस्तूंना साध्यापासून दुर्मिळ, एपिक आणि लेजेंडरीपर्यंत चढत्या श्रेणी आहेत आणि वरच्या श्रेणीच्या वस्तूंवर जादा गुणही असतात. असे दहा नग अंगावर चढले की त्यांचा एकत्रित परिणाम इतका होतो, की साध्या तलवारीचे घाव बोथट पडतात आणि समोरच्याचा एकच घाव पुरतो. शिवाय जो जिंकतो त्याला हरलेल्याचे साहित्य मिळते, म्हणजे तो पुढच्या फेरीत आणखी बळकट होऊन येतो.

आपल्या भागातल्या कुस्तीच्या मैदानात पंच आधी जोड पाहतात आणि मगच हात मिळवायला लावतात. कालच आखाड्यात उतरलेल्या पोराला तयारीच्या मल्लासमोर कोणी उभे करत नाही. या खेळात जोड लावण्याचे हेच काम नीट बसलेले नाही. निर्मात्यांना ते कळत नाही असे नाही. त्यांनी आधी साधे आणि प्रवेशासाठी सोने मोजावे लागणारे ‘हाय रोलर’ असे वेगळे सामने ठेवले, नंतर अंगावरच्या साहित्याचा गुणांक मोजून खेळाडूंचे गट पाडले आणि त्या गटांच्या मर्यादाही अनेकदा बदलल्या. पण मर्यादा आली की अनुभवी खेळाडू तिच्या काठोकाठ बसेल असे नेमके साहित्य निवडतो आणि नवखा जे मिळेल ते अंगावर चढवून येतो. त्यामुळे अंतर कमी होते, मिटत नाही. त्यातच नियम, पात्रांची बळे आणि नकाशे वरचेवर बदलत राहिल्याने कष्टाने शिकलेली गोष्ट पुढच्या अपडेटला निरुपयोगी ठरते. फसवणुकीची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा उपद्रवही या खेळाला सुरुवातीपासून आहे. ज्या खेळात हरणे एवढे महाग पडते, तिथे आपण कौशल्याने हरलो की लबाडीने, हा संशय उरणेसुद्धा घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही एकट्याने खेळू नये, असे मी म्हणणार नाही. फक्त एकट्यांसाठी असलेल्या फेऱ्यांतच उतरा. तिघांच्या तुकड्यांमध्ये एकटे शिरू नका. फायटर (योद्धा) किंवा रेंजर (धनुर्धर) ही पात्रे एकट्याला सांभाळायला तुलनेने सोपी आहेत, तर क्लेरिक (उपचार करणारा पुजारी) आणि बार्ड (गाण्यावाजवण्याने बळ देणारा) यांचे खरे मोल साथीदार असतानाच कळते. हाती लागलेले चांगले साहित्य पेटीत साठवून ठेवण्याचा मोह आवरा. प्रत्येक फेरीला तीन वेळा गमावले तरी चौथ्यांदा विकत घेता येईल एवढ्याच किमतीचे साहित्य न्या. सर्व संपले तरी प्राथमिक साहित्य फुकट मिळते, त्यामुळे कायमचे कंगाल कोणी होत नाही. आणि दूरवर लढाईचा आवाज आला तर उलट दिशेने चालू लागा. यात भित्रेपणा काही नाही. सोन्याचे एखादे मेणबत्तीदान घेऊन निळ्या द्वारातून निघून जाणे, हाही या खेळातला पूर्ण विजय आहे.

प्रश्न : माझा मुलगा पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला (म्हणजे बारावीला) आहे. जेवायला हाक मारली की “आई, आत्ता थांबवता येत नाही, बाहेर पडू दे” असे म्हणतो. तो खरे बोलतो की टाळतो? यात पैसे लागतात का?
— एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, तो खरे बोलतो. चालू फेरी मध्येच थांबवण्याची सोय या खेळात नाही आणि उठून गेल्यास जमवलेले सर्व जाऊ शकते. पण एक फेरी म्हणजे साधारण पाव तासाचा, फार तर त्याहून थोडा अधिक वेळ असतो. तेव्हा हाक मारण्याऐवजी जेवणाच्या अर्धा तास आधी “आता नवी फेरी सुरू करू नको” असे सांगा, आणि लाल द्वारातून खाली उतरल्यास वेळ वाढतो, हेही आपल्याला ठाऊक असल्याचे त्याला कळू द्या. खेळ विनामूल्य सुरू करता येतो, पण फुकट खेळणाऱ्याला पात्रांच्या संख्येवर आणि खेळाडूंच्या आपसातील बाजारावर मर्यादा घालून पूर्ण आवृत्तीचे पैसे मागण्याची पद्धत आहे. त्याशिवाय वेशभूषेसारख्या वस्तूही विकत मिळतात. वेशभूषेवाचून खेळात काही अडत नाही. यूपीआय किंवा कार्ड त्याच्या खात्याला जोडून ठेवू नका. आणखी एक : जवळच्या खेळाडूंचा आवाज एकमेकांना ऐकू जातो आणि तिथली भाषा अनेकदा घाणेरडी असते. तो आवाज सेटिंगमधून बंद करता येतो, पण त्यामुळे खेळातली एक गंमतही जाते, म्हणून हा निर्णय त्याच्याशी बोलून घ्या.

प्रश्न : या खेळावर चोरीचा खटला आहे असे ऐकले. पैसे गुंतवावेत का?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : आयर्नमेसमधील प्रमुख मंडळी पूर्वी नेक्सॉन या मोठ्या कोरियन कंपनीत होती आणि तिथल्या एका अपूर्ण प्रकल्पाचे साहित्य वापरल्याचा आरोप नेक्सॉनने केला. फेब्रुवारी २०२३ च्या चाचणीत एकाच वेळी एक लाखाहून अधिक लोक खेळत होते, आणि पुढच्याच महिन्यात या वादामुळे खेळ स्टीम या संगणकीय खेळांच्या ऑनलाइन दुकानातून काढला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये तो अन्य मार्गाने विक्रीस आला आणि जून २०२४ मध्ये स्टीमवर परतला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलच्या न्यायालयाने कॉपीराइटचा भंग झाला नाही, मात्र व्यावसायिक गुपितांचा झाला, असा निकाल देऊन आयर्नमेसला ८५० कोटी वॉन भरपाई देण्यास सांगितले. म्हणजे खेळाडूवर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. पण सर्व्हरवर चालणारा खेळ त्याच्या कंपनीइतकाच टिकतो. म्हणून आधी महिनाभर फुकट आवृत्ती खेळा, आणि उद्या खेळ बंद पडला तरी ज्याची चुटपुट लागणार नाही एवढीच रक्कम त्यात घाला.