गाडीच्या ॲल्युमिनियम पट्ट्या: घासण्याआधी कापड बघा

प्रश्न: खिडक्यांभोवतीच्या चंदेरी पट्ट्यांवर दुधाळ डाग पडलेत. मेटल पॉलिशने अर्धा तास घासलं, काही फरक नाही. दुसरं पॉलिश आणू का?

नको, आधी हात थांबवा. ही पट्टी बहुधा ॲनोडाइज केलेली आहे. उघड्या ॲल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा थर आपोआप धरतो, पण तो जेमतेम काही नॅनोमीटरचा असतो. ॲनोडायझिंगमध्ये पट्टी आम्लाच्या द्रावणात बुडवून वीज सोडतात आणि तोच थर मुद्दाम वाढवतात, साधारण ५ ते २५ मायक्रॉनपर्यंत. तुम्हाला दिसणारी चमक या थराखालची असते आणि तुमचे डाग खुद्द थरातच आहेत.

तीव्र अल्कलीने हा थर खाल्ला जातो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड साधारण ४ ते ८.५ पीएचच्या (आम्ल-अल्कली मोजायच्या मापाच्या) दरम्यान टिकून राहतो. गाडी धुण्याची जहाल रसायनं, ओव्हन क्लीनर, सिमेंटचं पाणी हे सगळं त्याच्या बरंच वर जातं. उन्हात तापलेल्या पट्टीवर असं काही वाळलं की ओघळांचे पांढरे माग उमटतात.

पुढच्या वेळी घासायच्या आधी ही परीक्षा करा. पट्टी साबणाच्या पाण्याने धुऊन पुसून घ्या. सहज नजरेला न येणाऱ्या कोपऱ्यात, पांढऱ्या कापडावर थेंबभर पॉलिश घेऊन दहा-बारा वेळा घासा. कापड लगेच काळंकुट्ट झालं तर उघडं ॲल्युमिनियम. स्वच्छच राहिलं तर मल्टीमीटरची दोन्ही टोकं पट्टीवर हलकेच टेकवा. वीज वाहिली तर क्रोम किंवा स्टेनलेस स्टील. नाही वाहिली तर ॲनोडायझिंग किंवा लॅकर (रंगासारखा मारलेला पारदर्शक थर), कारण दोन्ही थर विजेला अडवतात.

तुमच्या डागांपैकी पुसट असतील ते अगदी बारीक पॉलिशने थोडे उतरतील. थर खोलवर खाल्ला गेला असेल तर मात्र नवी पट्टी बसवणं किंवा त्यावर चांगली फिल्म चिकटवणं हेच मार्ग. कॉस्टिक सोड्याने ॲनोडायझिंग उतरवता येतं, पण गाडीवर असलेल्या पट्टीवर ते करूच नका. हायड्रोजन वायू सुटतो, ओघळ रंगावर जातो आणि हातभर पट्टीसाठी अख्खा दरवाजा रंगवायची पाळी येते.

प्रश्न: जुन्या गाडीची पट्टी उघड्या ॲल्युमिनियमची आहे. दोन तास पॉलिश करतोय, तरी कापड काळंच होतंय. मळ संपणार कधी?

तो मळ नाही. पॉलिशने खरवडलेले ॲल्युमिनियमचे बारीक कण आहेत ते. जितकं घासाल तितकं कापड काळं होणार, अगदी आरशासारख्या पट्टीवरसुद्धा. म्हणून थांबायचं कधी, ते पट्टी बघून ठरवा. पॉलिश पुसा, पट्टीत तिरपा उजेड घ्या. प्रतिबिंबाची कड रेखीव दिसली की काम झालं.

ओरखडे असतील तर आधी वॉटर पेपर लागेल. शेजारच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावा. ८०० नंबरने सुरुवात करा, मग १०००, १५००, २०००. कागद कायम ओला हवा. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे आधीच्या कागदाच्या रेषा पूर्ण गेल्या की नाही ते स्पष्ट दिसतं. इथे घाई केली की १००० च्या रेषा शेवटच्या चमकेत हमखास वर येतात. खोल खड्डे मात्र राहू द्या. पातळ पट्टीत खड्ड्याच्या तळापर्यंत जाणं म्हणजे पट्टीलाच भोक पाडणं. लोखंडी काथ्या वापरू नका, त्याचे कण धातूत रुततात, गंजतात आणि आसपासचं ॲल्युमिनियमही खातात.

प्रश्न: व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून लावला तर?

दोघं एकमेकांना मारतात. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइड, मागे उरतं ते सोडियम ॲसिटेट या क्षाराचं पाणी. त्याने डाग जात नाहीत.

त्यापेक्षा मला काळजी आहे ती झटपट उजळवणाऱ्या काही व्हील क्लीनरची. लेबलावर हायड्रोफ्लुओरिक आम्ल दिसलं तर बाटली घरात आणू नका. ते कातडीतून आत शिरतं, कधीकधी वेदना काही तासांनी सुरू होतात आणि तोवर आत इजा झालेली असते. अंगावर पडलंच तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि दुखायची वाट न बघता दवाखाना गाठा.

प्रश्न: अलॉय व्हीलवर लॅकरच्या आत पांढरे, केसासारखे धागे पसरलेत.

लॅकरला दगडाचा टवका लागला की ओल आत शिरते आणि वाळवीच्या मागासारखी वळणं घेत लॅकरखाली सरकते. वरून कितीही पॉलिश करा, ते तिथवर पोचतच नाही. लॅकर काढा, गंज घासून टाका, तेलकटपणा नीट पुसा आणि नवं लॅकर मारा. मशीनवर कातून चकाकवलेलं व्हील असेल तर हे काम व्हीलच्या कारागिराकडेच द्या.

प्रश्न: पट्टीच्या स्क्रूभोवतीच पांढरी भुकटी का जमते?

स्क्रू लोखंडी आहे. दोन वेगळे धातू ओल्या जागी चिकटून बसले की ॲल्युमिनियम झिजतं, मिठाचं पाणी असेल तर फारच लवकर. स्क्रू काढा, भुकटी नायलॉनच्या ब्रशने साफ करा, खाली नायलॉनचा वॉशर घाला. मग कोरड्या पट्टीवर मेणाचा पातळ हात फिरवा आणि स्क्रूच्या खाचेतही थोडं मेण भरा, कारण पाणी तिथेच सगळ्यात जास्त वेळ साचून राहतं.