आजोबा देवदूत झाले का?

प्रिय बाळा,

तू दोन गोष्टी विचारल्यास. मैत्रिणीने कार्डावर लिहिलं तसे आजोबा आता देवदूत झाले का? आणि वसईला चर्चची घंटा वाजली की आजी हातातलं काम टाकून उभी का राहते?

आजोबा देवदूत झालेले नाहीत. मैत्रिणीने मायेने लिहिलंय, तिची चूक काढू नकोस, पण तुला नीट माहीत असावं. देवदूतांना शरीर नसतं, त्यांना मरणही नाही. माणूस मात्र मेल्यावरही माणूसच राहतो. म्हणून तर विश्वासांगीकारात, म्हणजे आपली श्रद्धा सांगणाऱ्या प्रार्थनेत, आपण देहाच्या पुनरुत्थानावर श्रद्धा आहे असं म्हणतो. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात पुन्हा उठलेले लोक देवदूतांसारखे असतील असं येशू म्हणतो, ते पुढे त्यांना मरण नाही म्हणून. त्याच शुभवर्तमानाच्या 16व्या अध्यायात गरीब लाजर मरतो आणि देवदूत त्याला उचलून अब्राहामाच्या उराशी नेतात. बघ, नेणारे वेगळे आणि ज्याला नेलं तो वेगळा. अंत्यविधीच्या जुन्या लॅटिन गीतातही हेच मागितलंय: देवदूत तुला स्वर्गात घेऊन जावोत. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण कबरीवर मेणबत्ती लावून आजोबांसाठी प्रार्थना करतो. देवदूतासाठी अशी प्रार्थना कोणी करत नाही, त्याला तिची गरजच नसते.

आता घंटा. ती देवदूताच्या प्रार्थनेची, म्हणजे अँजेलसची. ती सकाळी, दुपारी 12 ला आणि संध्याकाळी होते. सकाळ-संध्याकाळची वेळ बहुधा 6. जुनी पद्धत अशी: तीन ठोके, थांबा, पुन्हा तीन, थांबा, पुन्हा तीन आणि शेवटी सलग नऊ. मधल्या थांब्यांत प्रार्थना म्हणायची. आधी देवदूताने मरियेला दिलेला निरोप, ती येशूची आई होणार हा, आणि एक ‘नमो मरिया’ ही मरियेची प्रार्थना. मग मरियेचं उत्तर, ‘पाहा, मी प्रभूची दासी’, आणि दुसरी. मग ‘शब्द देही झाला’, म्हणजे देव माणूस झाला, आणि तिसरी; या ओळीला गुडघा टेकतात. शेवटची प्रार्थना सलग ठोक्यांच्या वेळी. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. एकटी असलीस तर दोन्ही तूच म्हण. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं. मुलं घाईत तिन्ही ‘नमो मरिया’ एकदम म्हणून टाकतात. मग देवदूताचा निरोप कुठे संपला आणि मरियेचा होकार कुठे आला ते कळतच नाही. आणि ‘नमो मरिया’ची सुरुवात म्हणजे त्या देवदूताचं, गब्रीएलाचंच अभिवादन, लूकच्या पहिल्या अध्यायातलं. आजी दिवसातून तीनदा काम थांबवते ते यासाठी.

कार्डावरचे पंख? गब्रीएल मरियेकडे आला तेव्हा लूक पंखांचा उल्लेखही करत नाही. बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायातल्या सराफीमांना, म्हणजे देवाच्या सिंहासनाजवळच्या दूतांना, मात्र सहा पंख आहेत: दोन तोंड झाकायला, दोन पाय झाकायला, उडायला फक्त दोन. देवासमोर तेसुद्धा तोंड झाकतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

तुझ्या रक्षकदूताला तू नाव ठेवलंयस, ते राहू दे बाजूला. व्हॅटिकनने 2001 मध्ये असं नाव देऊ नये असं सांगितलंय. बायबलमध्ये नावाने येणारे तिघेच: मीखाएल, गब्रीएल आणि राफाएल. राफाएल तोबीतच्या पुस्तकात भेटतो. ते प्रोटेस्टंट बायबलमध्ये नसतं, म्हणून तुझ्या वर्गातल्या काहींना तो माहीत नसेल. तिघांचा सण 29 सप्टेंबरला. वसईतल्या माणिकपूरचं चर्च मीखाएलाच्याच नावाचं आहे. रक्षकदूतांचा सण 2 ऑक्टोबरला. त्यांच्याकडे मदत मागायला हरकत नाही, पण पूजा फक्त देवाची. प्रकटीकरणाच्या शेवटी योहान देवदूताच्या पाया पडायला वाकतो, तर देवदूतच त्याला अडवतो आणि देवाला नमन कर म्हणतो.

तिकडे घंटा ऐकू येत नसेल तर 12 चा गजर लाव. ईस्टरपासून पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे सात आठवड्यांनी येणाऱ्या पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, मात्र ही प्रार्थना नसते. तेव्हा उभं राहून ‘स्वर्गाच्या राणी’ची प्रार्थना म्हणायची. तिचे शब्द आजीला फोन करून विचार, तिला तोंडपाठ आहेत.

तुझी,
आई