वाचकांचे प्रश्न : हाडात पू धरल्यावर

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी उसाच्या ट्रॉलीच्या अपघातात माझ्या वडिलांच्या नडगीचे हाड मोडून बाहेर आले होते. त्यात सळई बसवली आहे. गेल्या वर्षापासून तिथे बारीक छिद्र पडून पू येतो. अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ते सुकते आणि महिनाभरात पुन्हा वाहते. त्यांना मधुमेह आहे. डॉक्टर सळई काढून हाड साफ करायला सांगतात. गोळ्यांवर भागणार नाही का? सहा आठवडे सलाइन लावून पडून राहावे लागेल का?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा हाडाचा जुनाट जंतुसंसर्ग, म्हणजे ऑस्टिओमायलायटिस, असण्याची दाट शक्यता आहे. हाड कातडी फाडून बाहेर येते तेव्हा मातीबरोबर जंतू आत शिरतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यांतला नेहमीचा. संसर्गाने हाडाच्या एखाद्या तुकड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो तुकडा मरतो. औषध गोळीतून घ्या की शिरेतून, ते पोहोचते रक्तावाटेच, त्यामुळे मेलेल्या हाडात ते पुरेसे जात नाही. शिवाय सळईवर जंतू चिकट थर धरून बसतात आणि त्या थराआड औषधाला दाद देत नाहीत. गोळ्यांनी भोवतालच्या मांसातली सूज उतरते, छिद्र मिटते, पण मूळ तसेच राहते. तेव्हा आपल्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो.

जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा गोळ्या आणणे मात्र थांबवावे. त्याने जंतू औषधाला सरावतात आणि पुढे तपासणीत ते सापडणेही अवघड होते. छिद्रावरच्या पुवाची तपासणी पुष्कळदा फसवी ठरते, कारण तिथे कातडीवरचे जंतूही मिसळलेले असतात. शस्त्रक्रियेत आतल्या हाडाचे तीन-चार नमुने घेऊन कल्चरला (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) पाठवले, तर खरा जंतू कळतो. त्याआधी काही दिवस अँटिबायोटिक बंद ठेवता येईल का, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. आपल्याकडे क्षयरोगही हाडात होतो, म्हणून त्याचीही तपासणी आणि नमुन्याची बायोप्सी करून घ्यावी. अनेक वर्षे वाहणाऱ्या छिद्रात क्वचित कर्करोगही उद्भवतो.

हाड जुळले असेल तर सळई काढून, मेलेला भाग खरवडून, पोकळीत अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचे मणी ठेवतात. जुळले नसेल तर पाय बाहेरून रिंग लावून स्थिर करावा लागतो आणि उपचार लांबतो. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. दुसरे मत घ्यायचे असल्यास जुने एक्स-रे आणि शस्त्रक्रियेचे कागद घेऊन तिथल्या अस्थिरोग विभागात दाखवता येईल.

राहिला सलाइनचा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर औषध साधारण सहा आठवडे लागते, पण ते सगळे शिरेतूनच हवे असे नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हजारांहून अधिक रुग्णांवरच्या ब्रिटिश चाचणीत पहिल्या आठवड्यातच गोळ्यांवर आणलेल्या रुग्णांचा गुण शिरेतून औषध घेणाऱ्यांपेक्षा कमी ठरला नाही. मात्र कल्चरमध्ये निघालेल्या जंतूवर चालणारी गोळी उपलब्ध हवी, आणि अधूनमधून सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी), तसेच मूत्रपिंड व यकृताच्या तपासण्या करत राहावे लागते. या काळात साखर आटोक्यात ठेवावी. वडिलांना तंबाखू किंवा मिश्रीची सवय असल्यास तीही सोडवावी, कारण तिने हाड जुळायला वेळ लागतो. मध्येच थंडी वाजून ताप आला किंवा पाय लाल होऊन सुजला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.