डब आणि एक्सपेरिमेंटल इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रोड्यूसरचं करिअर नक्की कसं असतं? त्यावर घर चालतं का?

चालतं. पण ज्या रेकॉर्डमुळे नाव होतं तिच्यावरच घर चालवणारा माणूस या प्रकारात विरळा, बहुतेकांचं पोट त्याच कानांनी केलेल्या दुसऱ्या कुठल्यातरी कामावर असतं. तुम्ही विचारलंय की हे लोक दिवसभर करतात काय, पैसे कुठून येतात आणि शेवटच्या वर्षाला आलेलं इंजिनिअरिंग सोडून यात उडी मारावी का. मी पुण्यात साउंडचं काम करतो, म्हणजे जाहिराती, मालिका आणि गणपतीच्या आधी लाट येते ती भक्तिगीतं. डब (म्हणजे तयार रेगे गाण्यातला आवाज आणि वाद्यं काढत-घालत, बेस आणि इको पुढे आणून नवं व्हर्जन करायची जमैकन पद्धत) करणारा प्रोड्यूसर नाहीये, पण हे संगीत कॉलेजपासून ऐकतोय आणि या लोकांचं बस्तान कसं बसलं ते वाचायची खोड आहे. त्यामुळे एकच माणूस नीट धरून सांगतो, 'पॅशन फॉलो करा' छाप उत्तरं तुम्हाला इथे ढीगभर मिळतीलच.

माणूस म्हणजे स्टेफान बेट्के. जन्म १९६७, जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ, रेकॉर्ड काढतो 'पोल' या नावाने. १९९६ मध्ये त्याच्या हातून वाल्डॉर्फ कंपनीचा फोर-पोल नावाचा अ‍ॅनालॉग फिल्टर खाली पडला आणि बिघडला. फिल्टर म्हणजे आवाजातल्या नको त्या फ्रिक्वेन्सी कापणारी पेटी, बस. पडल्यावर ती पेटी खरखर, टिकटिक, मध्येच फट असे आवाज काढायला लागली. तुम्ही-मी असतो तर दुरुस्तीला टाकली असती नाहीतर ओएलएक्सवर. याने तेच आवाज ड्रम्सच्या जागी वापरले, खाली जमैकन वळणाची जाड संथ बेसलाइन ठेवली आणि मधल्या जागेत कॉर्डचे छोटे तुकडे इकोमध्ये सोडून दिले. पोल हे नावही त्या फिल्टरवरूनच. १९९८, १९९९ आणि २००० असे लागोपाठ तीन अल्बम आले, नावं फक्त १, २, ३ आणि कव्हर एकरंगी, पहिलं निळं, दुसरं लाल, तिसरं पिवळं. अमेरिकेत मॅटाडोरसारख्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढले. बिघाडाच्या आवाजातून संगीत करायची जी लाट तेव्हा आली होती त्यात हे तीन अल्बम आजही पहिल्या रांगेत धरतात.

गोष्ट सांगणारे इथेच थांबतात, फिल्टर पडला आणि नशीब फळफळलं. पण त्याच काळात बेट्के बर्लिनमध्ये डबप्लेट्स अँड मास्टरिंग या ठिकाणी मास्टरिंग इंजिनिअर म्हणून काम करत होता, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्ड्स कापायचं काम. हे काम काय असतं ते समजल्याशिवाय या करिअरचं गणित कळणार नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

विनाइल कापताना लेथवरची (तबकडी कापायच्या यंत्रावरची) सुई लॅकरचा थर दिलेल्या तबकडीत खाचा पाडते. बेस जितका जास्त तितकी सुई जास्त हलते, खाच रुंद होते आणि एका बाजूवर मावणारी मिनिटं कमी होतात. म्हणून क्लबसाठीच्या बारा इंची रेकॉर्डवर एका बाजूला बऱ्याचदा एकच ट्रॅक असतो. बेस डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये उलटसुलट फेजमध्ये (एकीकडे लाट वर तेव्हा दुसरीकडे खाली) असेल तर सुई आडवी हलायच्या ऐवजी वरखाली व्हायला लागते आणि घरी ऐकणाऱ्याची सुई खाचेतून उडते, त्यामुळे खालच्या फ्रिक्वेन्सी मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारख्या, करून घ्याव्या लागतात. तबकडीच्या आतल्या बाजूला 'स' आणि 'श' फाटायला लागतात तो आणखी वेगळा ताप. हे सगळं कानाने ओळखून, ज्याचा ट्रॅक आहे त्याचा मूड न मोडता दुरुस्त करणारा माणूस म्हणजे मास्टरिंग इंजिनिअर, आणि त्याचे पैसे कामागणिक मिळतात. रेकॉर्ड पुढे पाचशे खपो की पन्नास, त्याचं बिल झालेलं असतं.

आता असा माणूस स्वतःचं संगीत करायला बसला की काय होणार? पोलच्या त्या तीन अल्बममध्ये फार थोड्या गोष्टी आहेत पण प्रत्येक गोष्टीला जागा आहे. बेस कशाला धडकत नाही, खरखर वरच्या टोकाला राहते, मध्ये हवा. माझ्या मते हे रोज दुसऱ्यांच्या तुंबलेल्या मिक्समधून वाट काढण्याचं फळ आहे, फिल्टर पडला नसता तरी या माणसाने काहीतरी ऐकण्यासारखंच केलं असतं.

पुढचं जरा भराभर. १९९९ मध्ये बार्बरा प्राइझिंगरबरोबर त्याने स्केप नावाचं लेबल काढलं, त्यावर यान येलिनेक, डेडबीट वगैरे लोक आले. २००३ मध्ये म्यूट या मोठ्या इंडी लेबलवर अल्बम केला, त्यात खरखर जवळजवळ काढून टाकली आणि फॅट जॉन नावाच्या अमेरिकन रॅपरला घेतलं, तेव्हा जुने चाहते चांगलेच बिथरले. मला स्वतःला तो अल्बम अर्धाच आवडतो, पण चौथ्यांदा तीच खरखर विकण्यापेक्षा हे बरं केलं. २००७ चा श्टाइनगार्टन मात्र मी कुणालाही पहिला ऐकायला देईन. साधारण दहा वर्षं चालून लेबल बंद झालं. मास्टरिंगचं काम चालूच राहिलं, स्वतःचा स्केप मास्टरिंग स्टुडिओ आहे. मग २०१५ ला एक अल्बम, २०२० ला फेडिंग (आईच्या डिमेन्शियाच्या अनुभवातून आलेला, स्मृती पुसट होत जाण्याबद्दल), २०२२ ला टेम्पस. २०१५ ते २०२० मधलं अंतर बघा. अल्बमवरच पोट असणाऱ्याला पाच वर्षं गप्प बसणं परवडत नाही, तो दर वर्षी काहीतरी काढत राहतो आणि चौथ्या अल्बमपर्यंत स्वतःचीच नक्कल करायला लागतो. याला परवडलं कारण भाडं दुसरीकडून निघत होतं.

आणि ही काही बर्लिनची नवी टूम नाही, डबची सुरुवातच अशी आहे. जमैकातल्या किंग्स्टनमधला किंग टबी, खरं नाव ऑसबर्न रडॉक, हा मुळात रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा माणूस. ड्यूक रीड या प्रोड्यूसरकडे तबकड्या कापायचा, तिथे गाण्यातला गायकाचा आवाज काढून नुसत्या वाद्यांचं व्हर्जन काढताना त्याला सापडलं की आवाज पूर्ण काढण्यापेक्षा मध्येच आणायचा, मध्येच घालवायचा, यात जास्त मजा आहे. वॉटरहाउस भागात ड्रोमिली अ‍ॅव्हेन्यूवर घरातच स्टुडिओ, डायनॅमिक साउंड्स स्टुडिओकडून घेतलेलं जुनं एमसीआय कंपनीचं मिक्सर (सगळ्या ट्रॅकचे आवाज कमी-जास्त करायचं टेबल), त्यावर हाय-पास फिल्टरचा एक भला मोठा नॉब. तो फिरवला की बेस गळून जायचा आणि हाय-हॅट पातळ होत होत वर चढायचा. फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली, स्नेअर ड्रमचा एकच ठोका इकोमध्ये ढकलायचा, फेडर वर. मिक्स म्हणजेच वादन, आणि तेही एका दमात. टेप बऱ्याचदा बनी लीसारख्या प्रोड्यूसरच्या असायच्या, टबीला पैसे कामाचे. त्याचा चेला सायंटिस्ट आधी तिथे टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायरची कामं करायचा आणि मग मिक्सरवर बसायला मिळालं.

लंडनचा मॅड प्रोफेसरही तसाच. जन्म गयानात, लहानपणी रेडिओ बनवला म्हणून प्रोफेसर हे टोपणनाव, इलेक्ट्रॉनिक्स टेक्निशियनचं काम करता करता १९७९ मध्ये घराच्या पुढच्या खोलीत अरिवा स्टुडिओ सुरू केला. दुसऱ्यांचं रेकॉर्डिंग करून स्टुडिओ चालवला आणि १९९५ मध्ये मॅसिव्ह अटॅक या ब्रिटिश बँडचा अख्खा अल्बम डब करून दिला तेव्हा रेगे न ऐकणाऱ्यांनाही त्याचं नाव कळलं. एड्रियन शेरवुड या इंग्लिश प्रोड्यूसरची तऱ्हा वेगळी, तो काही वाजवत नाही, मिक्सर हेच वाद्य. ऑन-यू साउंड हे लेबल चालवलं आणि डेपेश मोडसारख्या पॉप बँडचे रिमिक्स केले. मोठ्या बँडचा एक रिमिक्स काय देऊन जातो ते आपल्याकडच्या जाहिरातवाल्यांना विचारा, एका जिंगलवर तीन महिने निघतात, तसंच.

बर्लिनमध्ये तर मार्क अर्नेस्टुसने १९८९ मध्ये आधी दुकान टाकलं, हार्ड वॅक्स. मग मॉरिट्झ फॉन ओसवाल्डबरोबर १९९३ पासून बेसिक चॅनल नावाने टेक्नो आणि डब एकत्र केलेल्या रेकॉर्ड्स, तबकडीच्या मधल्या कागदावर माहिती जवळजवळ शून्य. मग कापायला स्वतःची सोय असावी म्हणून डबप्लेट्स अँड मास्टरिंग, तेच जिथे बेट्के काम करायचा. दुकान, कटिंग, लेबल, वितरण सगळं एका टोळक्याच्या हातात, त्यामुळे हजार-दोन हजार प्रतींची रेकॉर्डही अंगावर येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर चरणजित सिंग. मुंबईतले हिंदी सिनेमाचे सेशन वादक, कमाई रेकॉर्डिंगची आणि कार्यक्रमांची. १९८२ मध्ये रोलंड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही ड्रम मशीन-सिंथेसायझरची यंत्रं घेऊन दहा रागांची डिस्को रेकॉर्ड केली, एचएमव्हीने काढली, चालली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या एका लेबलने ती परत काढली आणि सगळे म्हणायला लागले की हे तर अ‍ॅसिड हाउस (शिकागोत जन्मलं असं मानतात ते टीबी-३०३ वरचं डान्स म्युझिक), शिकागोच्या आधी मुंबईत! सत्तरी ओलांडल्यावर माणूस युरोपात जाऊन तेच वाजवून आला. २०१५ मध्ये गेले. मधली अठ्ठावीस वर्षं त्या रेकॉर्डने त्यांना काय दिलं असेल ते तुम्हीच समजा.

आता आजचा हिशेब. स्पॉटिफायवर २०२४ पासून ज्या ट्रॅकला बारा महिन्यांत १००० स्ट्रीम नाहीत त्याला पैसेच मिळत नाहीत, आणि नऊ मिनिटांच्या खरखरीला तेवढे जमवणं सोपं नाही. बँडकॅम्प बरं, डिजिटल विक्रीवर १५ टक्के कापतात, विक्री वाढली की १०, बाकी तुमचं (पेमेंटचा चार्ज वेगळा). रचना तुमची असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हाच. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही, पण नोंदच नसेल तर तुम्हाला शोधत कोण येणार. लाइव्हचं म्हणाल तर आपल्याकडे डबसाठी जागा कमी, २०१६ मध्ये गोवा सनस्प्लॅश हा रेगेचा फेस्टिव्हल सुरू झाला, तो सोडला तर बाकी दिल्ली-मुंबई-बेंगळुरूचे मोजके क्लब. महिन्याचं रेशन त्यावर भरता येणार नाही.

राहिलं इंजिनिअरिंग. अहो शेवटचं वर्ष आहे, सोडताय कशाला! वर सांगितलेल्यांतले टबी, सायंटिस्ट आणि मॅड प्रोफेसर सोल्डरिंग करूनच इथवर आलेत, आणि तुम्ही लिहिलंय की तुमची शाखा इलेक्ट्रॉनिक्स आहे. पुण्यातल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन सुटे भाग आणा, एखादा स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगने घुमणारा आवाज करणारी पेटी) नाहीतर साधा डिले (इको करणारी पेटी) जोडून बघा, त्याचंच कॉम्प्युटरवरचं प्लगइन कसं वागतं ते त्यानंतर जास्त कळतं. महागड्या साउंड कोर्सला लाखो रुपये भरण्याआधी एखाद्या चालू स्टुडिओत असिस्टंट म्हणून वर्षभर बसा, केबल गुंडाळा, दुसऱ्यांचे ट्रॅक साफ करा. कंटाळवाणं असतं, मालिकेच्या एपिसोडमधला पंख्याचा आवाज काढताना आपण कलाकार वगैरे आहोत असं अजिबात वाटत नाही, पण कान तिथेच तयार होतात आणि मिक्सिंग-मास्टरिंगची कामं त्याच ओळखीतून येतात. रात्री स्वतःची खरखर करायला कुणी अडवत नाही. ट्रॅक तयार झाले की दहा लेबलांना एकच मेल पाठवू नका, ज्यांच्या रेकॉर्ड खरंच ऐकता अशा एक-दोघांनाच पाठवा, ही माणसं थोडी आहेत आणि एकमेकांना ओळखतात. आणि ओळखीतल्या कुणी मास्टरिंगला ट्रॅक दिला तर मित्र असला तरी अर्धे पैसे आधी घ्या.