शेरलॉक एवढा उर्मट कधीपासून झाला?

प्रश्न : शाळेत असताना मे महिन्याच्या सुट्टीत सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) शेरलॉक होम्सची मराठी पुस्तकं आणून मी अक्षरशः फडशा पाडायचे. आता माझा अकरावीतला मुलगा २०१० ची ती बीबीसीची ‘शेरलॉक’ मालिका बघतो आणि म्हणतो, होम्स कुणालाही काहीही बोलतो कारण तो जीनियस आहे, हुशार माणसं अशीच असतात. मला आठवणारा होम्स असा नव्हता. माझंच काही चुकतंय का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नाही ताई, तुमची आठवण पक्की आहे. मालिका मलाही आवडते, बेनेडिक्ट कम्बरबॅचचं काम तर जबरदस्तच, पण पहिल्याच भागात त्यातला होम्स स्वतःला हाय-फंक्शनिंग सोशिओपॅथ (म्हणजे हुशार, पण इतरांच्या भावनांची पर्वा नसलेला) म्हणवून घेतो ना, ते मूळ लेखक कॉनन डॉयलच्या होम्सच्या तोंडी कुठेच नाही. मूळ होम्स गर्विष्ठ आहे, पोलिसांना टोमणे मारतो, त्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या मित्राच्या, वॉटसनच्या लिखाणाला नावं ठेवतो, सगळं खरं, पण दारात आलेल्या घाबरलेल्या माणसाशी तो कसा वागतो ते बघा. ठिपक्यांच्या पट्ट्याच्या गोष्टीत हेलन स्टोनर पहाटे थरथरत येते तेव्हा तो आधी तिला शेकोटीजवळ बसवतो, गरम कॉफी मागवतो, हातावर थोपटून घाबरू नका म्हणतो, आणि मग कुठे तिच्या बाहीवरचा चिखल बघून ती कशी आली ते सांगतो. आताच्या मालिकेत हा क्रमच उलटा झालाय, निरीक्षण आधी आणि तेही समोरच्याचा पाणउतारा करत.

आयरीन अ‍ॅडलरचं तर मला मनापासून वाईट वाटतं. १८९१ च्या कथेत ती होम्सवर मात करून नवऱ्याबरोबर निघून जाते आणि तो मोकळेपणाने हार मानून बक्षीस म्हणून फक्त तिचा फोटो मागतो. बीबीसीच्या मालिकेतल्या २०१२ च्या भागात मात्र शेवटी त्यालाच तिचा जीव वाचवायला पाठवलंय. सव्वाशे वर्षांनी बाई जास्त मोकळी व्हायला हवी होती, ती उलट दुबळी झाली.

याउलट २०१२ लाच अमेरिकेत आलेली ‘एलिमेंटरी’. वरवर बघितलं तर सगळंच बदललेलं, गाव न्यूयॉर्क, वॉटसन म्हणजे लूसी लू, आणि होम्स अमली पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडत असलेला. लोक म्हणाले की हे काय भलतंच. पण १९०४ च्या एका कथेत वॉटसन लिहितो की मी वर्षानुवर्षं प्रयत्न करून त्याची ती सवय हळूहळू सोडवली, ती मेलेली नाही, नुसती झोपलीय हे मला माहितीये. त्या दोन-चार ओळीच या लोकांनी नीट वाचल्या आणि त्यावर अख्खी मालिका उभी केली, म्हणून मला तरी तो होम्स मूळच्या जास्त जवळचा वाटतो.

मुलाला एकच गोष्ट वाचायला द्या, तीन गॅरिडेबांची. त्यात वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते आणि होम्सचे ओठ थरथरतात, डोळ्यांत पाणी येतं, आणि गोळी झाडणाऱ्याला तो सांगतो की वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत गेला नसतास. वाचून झाल्यावर मुलगा काय म्हणाला ते नक्की कळवा.

प्रश्न : ‘एलिमेंटरी, माय डियर वॉटसन’ हे वाक्य नेमकं कुठल्या कथेत आहे?
– गंगापूर रोडवरचे एक वाचक

उत्तर : ४ कादंबऱ्या आणि ५६ कथांत असं सलग कुठेच नाही. १८९३ च्या एका कथेत ‘माय डियर वॉटसन’ येतं आणि थोड्या ओळींनंतर नुसतं ‘एलिमेंटरी’, पुढे नाटक-सिनेमावाल्यांनी दोन्ही जोडलं.